कासवं झोपवा, पण सुट्टीच्या सोयीनं नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेली हरमन जातीची दोन कासवं आमच्याकडे आहेत. नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी आणली. एकट्याला करमणार नाही म्हणून दोन घेतली. मोठ्याचं वजन ९६ ग्रॅम आहे, धाकट्याचं ६१. मागचा हिवाळा दोघांना दिव्याखाली जागं ठेवलं होतं. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणतात, पहिल्याच वर्षी झोपवायला (म्हणजे हिवाळ्यात थंड जागी शीतनिद्रेत ठेवायला) हवी होती, यंदा तरी झोपवा. ऑक्टोबर लागल्यापासून दोघांचं खाणं निम्म्यावर आलंय, दिवसभर कोपऱ्यात तोंड खुपसून बसतात. त्यांना झोप आलीच आहे असं आम्हाला वाटतं. १९ डिसेंबरला आम्ही तीन आठवड्यांसाठी पुण्याला जाणार आहोत. त्याआधी झोपवली तर सुट्टीतली त्यांची काळजी मिटेल. मिस्टर म्हणतात, खोक्यात पेंढा भरून गॅरेजमध्ये ठेवू. इथले लोक फ्रिजमध्ये ठेवतात हे ऐकून सासूबाई हादरल्या आहेत. खाण्याच्या फ्रिजमध्ये कासव चालणार नाही असं त्यांनी बजावलंय. मुलगी रोज रात्री विचारते, "ती परत उठतील ना?" काय करावं?

ताई,

सगळ्यात आधी १९ डिसेंबरचं बोलू. प्रवासाच्या आधी ही कासवं झोपवू नका. बाकी सगळ्यावर विचार करता येईल, यावर नाही.

झोपलेल्या कासवाकडे बघावं लागत नाही, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. खरं तर वर्षात सगळ्यात काटेकोर लक्ष याच आठवड्यांत द्यावं लागतं. रोज तापमान, दर आठवड्याला वजन, शेपटीखाली ओल आहे का, नाकपुड्या कोरड्या आहेत का, एवढं बघावंच लागतं. शंभर ग्रॅमच्या जिवाकडे शिल्लक अशी फारशी नसतेच: मूत्राशयात साठवलेलं पाणी आणि अंगावरचे चार-पाच ग्रॅम. झोपेत त्यानं लघवी केली, तर पाण्याचा साठा गेला. मग त्याच दिवशी त्याला बाहेर काढून, ऊब देऊन, कोमट पाण्यात बसवावं लागतं. तुम्ही पुण्यात असताना हे कोण ओळखणार आणि कोण करणार? मांजराला खाऊ घालून जाणारा शेजारी कितीही भला असला तरी त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

नोव्हेंबरात झोपवून निघण्याआधी उठवायचं, असाही बेत काही जण करतात. तोही वाईटच. झोपेतून उठल्यानंतरचे दोन-तीन आठवडे तर जास्तच नाजूक असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, मूत्रपिंडांवर साचलेल्या कचऱ्याचा भार असतो, आणि कासव नीट पाणी पितंय ना, खायला लागलंय ना, हे रोज बघावं लागतं. नेमकं तेव्हाच त्याला परक्या घरी सोडून विमानात बसायचं, हे बरोबर नाही.

म्हणून माझा सल्ला असा: परत येईपर्यंत दोघांनाही पूर्ण जागं ठेवा. ९ जानेवारीच्या सुमारास घरी आलात की आठवडाभर निरीक्षण करा, मग मोठ्याची तयारी सुरू करा. जानेवारीच्या अखेरीस तो झोपेल, मार्चच्या मध्यावर उठेल. सहा आठवडे त्याला पुरेसे आहेत, आणि उठेल तेव्हा बाहेर दिवस मोठा होत असेल, हा आणखी एक फायदा. धाकट्याला यंदा झोपवू नका. त्याचं कारण पुढे येईल.

आता आजचं काम, कारण हे जानेवारीपर्यंत थांबणारं नाही. खाणं निम्म्यावर आलंय म्हणजे झोप आली, असं तुम्हाला वाटतंय. दिवस लहान झाले, खिडकीतून येणारं ऊन गेलं की कासव मंदावतं, हे खरं. पण तुमच्या घरात अठरा अंश असतील. त्या तापमानात ते झोपूही शकत नाही आणि नीट जागंही राहू शकत नाही. खाल्लेलं पचत नाही म्हणून खात नाही, आणि शरीर मात्र साठा जाळत राहतं. बारा ते अठरा अंशांची ही अर्धवट झोप पाळीव कासवांना थंडीइतकीच घातक असते. ती दिसत नाही, कारण कासव शांत बसलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे.

तेव्हा आजच दिव्याखालची जागा मोजा. तिथे ३० ते ३२ अंश हवेत, दुसऱ्या टोकाला २० च्या आसपास, रात्री १५ च्या खाली नको. यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी आणि उष्णतेचा दिवा दोन्ही दिवसाला १२ तास, टायमर लावून. नळी वर्षाहून जुनी असेल तर बदला; उजेड दिसत राहतो, पण त्यातली यूव्हीबी घटलेली असते. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीपर्यंतच. असं चार-पाच दिवस केलं की उत्तर मिळेल. भूक परत आली, तर तो केवळ ऋतूचा परिणाम होता. एवढी ऊब आणि उजेड मिळूनही खात नसतील, तर ते आजारपण समजा. मग सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच आठवड्यात न्या. भूक मंदावलेलं कासव 'त्याची इच्छा आहे' म्हणून थेट थंडीत ठेवणं म्हणजे आजारी जिवाला थंडीत ठेवण्याचा धोका पत्करणं.

ज्यांच्याकडून घेतली त्यांचं म्हणणंही थोडं तपासून घेऊ. हरमन कासवं मूळची दक्षिण युरोपातली, स्पेनपासून बाल्कनपर्यंतची. तिथे अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्याच हिवाळ्यात मातीत शिरतं, हे खरं आहे. म्हणजे लहान आहे म्हणून झोप त्याला पेलणार नाही, ही भीती अनाठायी आहे. पण रानात त्यांतली बरीच पिल्लं वसंत पाहत नाहीत, हेही तितकंच खरं. एक-दोन हिवाळे नीट ऊब आणि उजेड देऊन जागं ठेवल्यानं कासवाचं काही बिघडत नाही. झोपेमुळे त्याची वाढ नैसर्गिक लयीत होते, वर्षभर खाऊन भराभर वाढत नाही, म्हणून निरोगी कासवाला ती द्यावी असं मला वाटतं. पण ती दिलीच पाहिजे अशी घाई कुठल्याही एका वर्षी नसते. शंका असेल त्या वर्षी जागं ठेवा.

धाकट्याबद्दल शंका आहे. एकाच वयाची, एकच खाणं, आणि वजनात ३५ ग्रॅमचा फरक. याचं नेहमीचं कारण म्हणजे दोघं एकत्र राहतात. कासवाला सोबत लागत नाही, रानात ते एकटंच हिंडतं. दोन एकत्र ठेवली की एक दुसऱ्याला दिव्याखालून हटवतं, खाण्यावर आधी जातं, त्याच्या वाटेत बसून राहतं. आपल्याला ती चावाचावी दिसत नाही म्हणून वाटतं, छान जोडी जमली आहे. आजच दोघांना वेगळं करा: वेगळी पेटी, वेगळा दिवा, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. दर रविवारी दोघांचं वजन लिहा. दुसरं कारण जंत असू शकतं. ताजी शी डबीत घालून पशुवैद्याकडे तपासायला द्या, दोघांची वेगवेगळी. औषध लागलंच तर ते आत्ता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकलं पाहिजे, कारण औषधाच्या काळात आणि त्यानंतर काही आठवडे कासव खातं-पितं हवं. फेनबेंडाझोल हे औषध बहुधा देतात, मात्रा वजनावर ठरते. कुत्र्यामांजरांना किंवा गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला चुकूनही देऊ नका, त्यानं कासव मरतं.

वजन पुरेसं आहे की नाही, हे ठरवायला इंग्लंडमध्ये एक जुना आलेख फिरतो. कवचाची लांबी आणि वजन यांचं प्रमाण बघून कासव तंदुरुस्त आहे की नाही ते सांगणारा, पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांच्या नावानं ओळखला जाणारा. तो मोठ्या झालेल्या हरमन आणि ग्रीक कासवांवरून काढलेला आहे. पिल्लांना तो लागू पडत नाही, हॉर्सफिल्ड या दुसऱ्या जातीच्या कासवांनाही नाही. त्याऐवजी तुमच्या स्वतःच्या नोंदी जास्त बोलतात: वजन आठवड्यागणिक हळूहळू वाढतंय का, डोळे भरलेले आहेत की खोल गेलेत, पायाची कातडी सुरकुतलेली आहे का, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागतं का. मोठा या कसोटीवर उतरला आणि पशुवैद्यानं तोंड, डोळे, नाक, कान बघून होकार दिला, तरच जानेवारीत पुढे जा. नाकातून पाणी, डोळ्यांना सूज, अलीकडे संपलेला प्रतिजैविकांचा कोर्स, यांपैकी काहीही असेल तर यंदा झोप नाही.

आता जागेचा वाद. सासूबाईंचं बरोबर आहे. कासवांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे खाण्याच्या फ्रिजमध्ये कासव ठेवायचंच नसतं. शिवाय तो फ्रिज दिवसातून पन्नास वेळा उघडतो, त्यात तापमान स्थिर राहत नाही. पण वेगळा छोटा फ्रिज ही कल्पना त्यांना समजावून सांगा, कारण मिस्टरांच्या गॅरेजपेक्षा ती खूप सुरक्षित आहे. झोपलेल्या कासवाला साधारण पाच अंश लागतात. तीन ते आठमध्ये चालतं. शून्याला पोचलं की डोळ्यांतले आणि मेंदूतले ऊतक गोठू लागतात. वाचलेली कासवंही आंधळी होऊ शकतात. दहाच्या वर गेलं की शरीर जागं होऊ लागतं आणि साठा जळतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये एका आठवड्यात उणे तीन आणि अधिक बारा दोन्ही दिसू शकतात. पेंढा किंवा थर्माकोल ऊब निर्माण करत नाही, बाहेरचा बदल आत पोचायला वेळ लावतो एवढंच. चार रात्री सलग गोठवणारी थंडी पडली की ती आत पोचतेच. पेंढ्याला बुरशीही धरते, आणि गॅरेजमधले उंदीर खोकं कुरतडतात. झोपलेलं कासव उंदराला प्रतिकार करू शकत नाही.

फ्रिज साधा घ्या, बर्फाचा कप्पा नसलेला. तो घरात ठेवा, गॅरेजमध्ये नको. इथे बरेच जण फसतात. फ्रिजच्या आतल्या पट्टीवर त्याचा हवामानवर्ग छापलेला असतो. 'एसएन' वर्गाचा फ्रिज भोवताली १० ते ३२ अंश असतानाच नीट चालतो, 'एन' वर्गाचा १६ ते ३२. गॅरेज त्याहून गार झालं की फ्रिजला वाटतं, आपण आधीच थंड आहोत. तो चालायचा बंद होतो, आणि आत उबेची सोय नसल्यानं आतलं तापमान गॅरेजबरोबर खाली जातं.

फ्रिज कासवासाठी आणला की किमान दोन आठवडे रिकामा चालवा. रिकामा म्हणजे कासवाविना. आत पाण्याच्या भरलेल्या सात-आठ बाटल्या ठेवा. पाण्यामुळे तापमान हळू बदलतं, वीज गेली तरी काही तास निभावतात. किमान-कमाल नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला, आणि तो सेन्सर हवेत न ठेवता कासवाच्याच डब्यात, मातीत खोचा. हवेचा आकडा दार उघडलं की उड्या मारतो, मातीचा आकडा कासवाला प्रत्यक्ष काय जाणवतंय ते सांगतो. तीन आणि आठवर गजर लावा. डबा मधल्या फळीवर, मागच्या थंड भिंतीपासून चार बोटं लांब. फ्रिजचं दार हवाबंद असतं, म्हणून रोज एकदा उघडून अर्धा मिनिट हलवायचं, म्हणजे ताजी हवा आत जाते.

डबा दोन-तीन लिटरचा प्लास्टिकचा, वरच्या बाजूला चहूकडे पेन्सिल जाईल एवढी डझनभर छिद्रं. त्यात खत न घातलेली बागेची माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं, आठ ते दहा सेंटिमीटर खोल, म्हणजे पिल्लाला स्वतःला पुरून घेता येईल. माती मुठीत दाबली की लाडवासारखी वळली पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. बरेच जण कागदाच्या पट्ट्या वापरतात. मोठ्या कासवाला त्या चालतात, पण पिल्लाचं पाणी कोरड्या हवेत लवकर उडतं, त्याला ओलसर मातीच हवी.

जानेवारीच्या मध्यापासून मोठ्याचं वेळापत्रक असं धरा. पहिल्या दिवशी खाणं बंद. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला दहा ते चौदा दिवसांचा उपास पुरतो. मोठ्या कासवांना तीन-चार आठवडे आणि त्याहूनही जास्त लागतात. त्यांचं वेळापत्रक वाचून पिल्लाला महिनाभर उपाशी ठेवलं, तर झोपण्याआधीच त्याचा साठा संपेल. उपास कशासाठी, तर पाच अंशांना पचन पूर्ण थांबतं. आतड्यात उरलेलं अन्न तसंच कुजतं, वायू धरतो, जंतुसंसर्ग रक्तात उतरतो. झोपेत दगावलेल्या बऱ्याच कासवांच्या मागे हेच असतं. आणि आतडं रिकामं व्हायला ऊब लागते, म्हणून पहिला आठवडा दिवे नेहमीसारखेच चालू ठेवायचे. खाणं बंद आणि दिवेही बंद, असं एकाच दिवशी केलं तर अन्न आतच अडकून पडतं.

या दोन आठवड्यांत रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाण्यात त्याला शी होते आणि ते पाणीही पितं. मान खाली घालून घशाची हालचाल दिसली की समजावं. मूत्राशय भरलेलं असणं हाच झोपेतला त्याचा पाण्याचा साठा. दुसऱ्या आठवड्यात दिव्याचे तास दर दिवशी दीड-दोन तासांनी कमी करत आणा, शेवटी पूर्ण बंद. मग दोन-तीन दिवस घरातल्या गार खोलीत, १२-१५ अंशांत, उजेड नसलेल्या जागी. तिथून फ्रिजमध्ये. पहिले एक-दोन दिवस फ्रिज आठवर ठेवा, मग पाचवर आणा. शेवटच्या आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा आणि त्या दिवशीचं वजन लिहा. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावरून होणार.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा पुरणार नाही. निरोगी कासव झोपेत महिन्याला साधारण शंभरात एक या प्रमाणात घटतं. तुमच्या कासवाच्या बाबतीत तो महिन्याला एक ग्रॅम झाला, आणि ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर तो दिसतच नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनं-मसाले मोजायला वापरतात तसा, फार महाग नसतो. दर आठवड्याला ठरल्या वारी कासव बाहेर काढा, माती झटका, वजन करा, पोटाकडच्या कवचावर लालसर झाक आहे का बघा, शेपटीपाशी ओल आहे का बघा, परत ठेवा. पाच मिनिटांत उरकतं. झोपलेल्या कासवाला हात लावला तर ते दगावतं, असं खूप जण सांगतात. तसं काही होत नाही. पायाला हलकंच बोट लावलं की ते पाय सावकाश आत ओढून घेतं, तेवढं ठीक असल्याची खूण.

उठवायचं केव्हा, हे आधीच लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, म्हणजे त्या क्षणी घरात चर्चा होणार नाही. लघवी केली असेल, एकाच आठवड्यात दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त घट असेल, एकूण घट पाच ग्रॅमपर्यंत गेली असेल, नाकपुड्यांत फेस किंवा ओल दिसली, कवचावर लाली आली: यांतलं एकही घडलं तर त्याच दिवशी उठवा. एकदा उठवलेलं कासव त्या हिवाळ्यात परत झोपवायचं नाही. (दहा टक्के घट ही नेहमी सांगितली जाणारी शेवटची मर्यादा आहे. तिथपर्यंत पिल्लाला जाऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.) वीज गेली आणि आकडा काही तास नऊ-दहावर गेला, तर घाबरू नका, दार बंद ठेवा. आकडा दोनच्या खाली उतरताना दिसला तर मात्र डबा लगेच बाहेर काढा, मध्यरात्र असली तरी.

सहा आठवडे झाले की डबा घरातल्या साध्या खोलीत दोन तास ठेवा, मग दिव्याखाली, मग कोमट पाण्यात. आधी पाणी, खाणं नंतर. पहिल्याच आंघोळीत बहुतेक कासवं भरपूर पितात आणि पांढरा, चुन्यासारखा पदार्थ लघवीतून टाकतात, तो साचलेला कचरा आहे, निघून जाणं चांगलं. पहिला आठवडाभर आंघोळ रोज. दिवे पूर्ण १२ तास, पहिल्या दिवसापासून. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानपाल्याची कोवळी पानं-फुलं पुढे करा. बरीच कासवं दोन-तीन दिवसांत तोंड लावतात. आठवडा उलटला आणि खाल्लं नाही, तर वाट बघू नका, पशुवैद्याकडे न्या. काकडी-टोमॅटोनं भूक उघडेल म्हणून ते देत बसण्यात दिवस जातात.

तुमच्या तीन आठवड्यांसाठी: कासवं सांभाळणारे अनुभवी लोक किंवा पशुवैद्यांच्या ओळखीतली सोय आत्ताच शोधा, नाताळच्या तोंडावर जागा मिळत नाही. दुसऱ्यांच्या कासवांबरोबर एकाच पेटीत ठेवणार नाहीत, याची खात्री करून घ्या. वेगवेगळ्या जातींची कासवं एकत्र आली की नाकाचे आणि नागीणगटातल्या विषाणूंचे आजार पसरतात. दिवे, टायमर, थर्मामीटर तुमचेच द्या. कुणी घरी येऊन बघणार असेल, तर एका कागदावर तापमानाचे आकडे, आंघोळीचे वार, चालणाऱ्या पाल्याची नावं (डँडेलियन, प्लँटेन हा रानपाला, केळीचा प्रकार नव्हे, सो-थिसल, क्लोव्हर), पशुवैद्याचा नंबर, आणि प्रत्येक कासवाचं निघतानाचं वजन. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पेटीतच राहू द्या.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी थोडं. नुकतंच घेतलेलं, ज्याचा मागचा इतिहास माहीत नाही असं कासव पहिल्या हिवाळ्यात झोपवू नका. पहिल्या वर्षाच्या अगदी लहान पिल्लाला झोपवायचंच असेल तर तीन-चार आठवडे पुरे, तीन वर्षांच्या आतल्या कुठल्याही पिल्लाला आठ-दहा आठवड्यांच्या वर नको. हॉर्सफिल्ड मध्य आशियातल्या कोरड्या माळरानातलं, त्याला माती जरा कमी ओली ठेवा. सुलकाटा, लेपर्ड, लाल पायांचं कासव ही उष्ण प्रदेशांतली. त्यांना शीतनिद्रा नाहीच, फ्रिजमध्ये ठेवलं तर ती मरतील.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना हे विशेष सांगायला हवं. घरात शुभ म्हणून ठेवलेलं पिवळ्या चांदण्यांचं कासव, म्हणजे स्टार कासव, हेही शीतनिद्रा घेणारं नाही. ते ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे. असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतः रानात किंवा टेकडीवर नेऊन सोडू नका, चुकीच्या जागी ते जगत नाही आणि घरातला आजार रानात नेतं. मत्स्यालयांतून विकली जाणारी लाल कानपट्टीची पाणकासवं डिसेंबरात पुण्या-नाशिकच्या थंडीत गार पाण्यात सुस्त पडतात, खात नाहीत. तीही वर सांगितलेली अर्धवट झोपच. टाकीत हीटर लावून पाणी २४-२६ अंश ठेवा. नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नका.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. तिला "हो, उठतील" एवढंच सांगून गप्प करू नका, ती नऊ वर्षांची आहे. तिला सांगा की धोका आहे, आणि तो कमी करण्यासाठी काय काय करतात ते सगळं दाखवा. रविवारच्या वजनाची वही तिच्या हाती द्या, आजपासूनच. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या वहीतले दोन्ही आकडे मला कळवा, विशेषतः धाकट्याचा. वेगळी पेटी मिळूनही तो ६१ वरच अडकलेला असेल, तर प्रवासाच्या आधी त्याच्या विष्ठेची दुसरी तपासणी करून घ्यावी लागेल.